रंग वाळेपर्यंत

कला महाविद्यालयातले पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू होतात ते भर पावसात. मुलांच्या रंगपेट्या नव्याकोऱ्या असतात. कुणाकडे २४ वड्या, कुणाकडे ३६ ट्यूबा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट झालेली ही मुलं. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र या शब्दांना सरावलेली. तांब्या, पेला आणि दोन वांगी समोर मांडली तर तासाभरात कागदावर उतरवतील. म्हणजे चित्र त्यांना येतंच. मग वर्षभर मी त्यांना शिकवतो तरी काय, असं घरचे लोक विचारतात. खरं उत्तर जरा विचित्र वाटतं, म्हणून मी ते सहसा देत नाही. रंग वाळतो कसा, हे मी शिकवतो.

पहिल्या आठवड्यात पेट्या बंदच ठेवायच्या. किराणा दुकानातून गेरू आणायचा. तुळशीवृंदावनाला आणि कुंड्यांना लावतात तोच. जाड काचेवर तो पाण्यात घोटायचा, बोटांना कण लागेनासे होईपर्यंत. मग कागदाच्या एका पट्टीवर पाच चौकोन करायचे. पहिल्यात नुसता गेरू आणि पाणी. दुसऱ्यात गेरूत डिंकाचं पाणी. तिसऱ्यात अंड्यातला पिवळा बलक. चौथ्यात जवसाचं तेल; इथे गेरू कोरडा घ्यायचा आणि तेलातच घोटायचा. पाचव्यात ॲक्रिलिकचं पांढरं दुधाळ माध्यम. पाचही चौकोन लाल होतात आणि मुलं माझ्याकडे ‘यात काय मोठं’ अशा नजरेने बघतात.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यावरून बोट फिरवायचं. पहिल्या चौकोनातला गेरू बोटाला येतो. पाणी उडून गेलं आणि मागे सुटी माती राहिली. डिंकाचा चौकोन बोटाला येत नाही, पण ओला ब्रश फिरवला की पुन्हा सुटतो. बलकाचा कडक झालेला असतो आणि पाण्याला दाद देत नाही; ज्या घरात अंड्याची ताटली रात्रभर तशीच राहिली आहे त्यांना हे सांगावं लागत नाही. ॲक्रिलिकवर प्लॅस्टिकसारखी साय धरलेली असते. आणि तेलाचा चौकोन? तो चिकटच. तिसऱ्या दिवशीही चिकट. पावसाळी हवेत कधीकधी आठवडा जातो. मग एका सकाळी तो हाताला लागत नाही, आणि त्यानंतर पाण्याने, साबणाने, घासून, कशानेच निघत नाही.

रंगद्रव्य एकच, त्याला धरून ठेवणारा प्रत्येक वेळी वेगळा. जलरंग, टेंपेरा, तैलरंग, ॲक्रिलिक ही नावं या धरणाऱ्याची आहेत. वारली चित्रकार गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा वापरतात, त्यातही डिंक घालतात, तो याच कामासाठी. अजिंठ्याच्या भिंतींवरही आधी मातीचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा थर, तो वाळल्यावर चिकट माध्यमात कालवलेले रंग, अशी रीत होती. तांबडी आणि पिवळी माती, काजळ, हिरवी माती. बहुतेक सगळं मातीतलंच. परका फक्त निळा. तो लाजवर्दी दगडाचा, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानकडचा.

एवढं झालं की पेट्या उघडायच्या आणि ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायची. नाव विकण्यासाठी असतं, माहिती खालच्या सांकेतिक अंकात असते. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीवाय ४३ म्हणजे यलो ऑकर, आपल्या पिवडीच्या जातीचा; पीआर १०१ म्हणजे लोहापासून केलेला लाल. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर आत मूळ रंगद्रव्य नाही, तसा दिसणारा दुसरा कुठला तरी रंग आहे असं समजायचं. यात फसवणूक नाही; अल्ट्रामरीनसुद्धा १८२० च्या दशकापासून दगडाऐवजी कारखान्यातूनच येतो आणि म्हणून विद्यार्थ्याला परवडतो. स्वस्त रंगाची खरी अडचण वेगळी आहे. त्यात भर घातलेली असते. नुसता लावला तर ते कळत नाही, दोन रंग एकत्र केले की खडूसारखं काहीतरी हाती येतं. माझं मत स्पष्ट आहे: ३६ ट्यूबांच्या पैशात ७ चांगल्या घ्याव्यात. लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू, बर्न्ट सिएना. बाकीची पेटी घरी धाकट्या भावंडाला द्यावी. काळा तर द्यावाच.

मग जलरंग, आणि जलरंगाच्या आधी कागद.

कार्ट्रिज कागदावर पाणी ओतलं की तो पापडासारखा फुगतो, खड्ड्यांत रंग साचतो आणि मुलं ब्रशला दोष देतात. कागद भिजला की त्याचे तंतू फुगतात आणि तो पसरतो, वाळताना आकसतो. हे थांबवता येत नाही, पण आधी उरकून घेता येतं. हाफ इम्पिरियल, म्हणजे १५ गुणिले २२ इंचांचा कागद दोन्ही बाजूंनी भिजवायचा, पाणी निथळू द्यायचं, ड्रॉइंग बोर्डवर पसरायचा आणि चारही कडांना ओला डिंकाचा तपकिरी टेप लावायचा. सेलोटेप नाही, तो ओल्या कागदाला धरतच नाही. बोर्ड आडवा ठेवून जायचं. सकाळी कागद आकसून ढोलकीच्या पानासारखा ताणलेला असतो. आता त्यावर कितीही पाणी खेळवा. ३०० जीएसएमचा जाड सुती कागद असेल तर हा खटाटोप बराचसा वाचतो, पण तो महाग, आणि पहिल्या वर्षी शे-दीडशे कागद तरी वाया जायलाच हवेत. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. तिथला जाड कागद सरावाला घेऊन बघण्यासारखा आहे. पण आधी एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब मोत्यासारखा बसला तर कागदाला सायझिंग, म्हणजे पाणी अडवणारी खळ, नीट आहे. लगेच शोषला गेला तर तो टीपकागद समजावा. मुंबईच्या दमट हवेत चांगला कागदही एक पावसाळा उघडा राहिला तर त्याची ही खळ मरते. मग रंग पृष्ठभागावर न राहता आत बुडतो आणि चित्र निस्तेज दिसतं. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात वर ठेवावेत, पापडाच्या डब्यांसारखे.

पहिलं काम एकाच रंगाचा सपाट वॉश. मुलांना याचा अपमान वाटतो. बोर्डाखाली दोन पुस्तकं घालून त्याला थोडा उतार द्यायचा. वाटीत रंग कालवायचा, लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट. अर्ध्यात संपला तर तोच रंग पुन्हा जमत नाही. मोठा ब्रश गच्च भरून वरून एक आडवा पट्टा ओढायचा. उतारामुळे पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगीत पाण्याची एक फुगीर रेघ साचते. सगळं कौशल्य त्या रेघेत आहे. पुढचा पट्टा तिला जेमतेम स्पर्श करेल असा ओढायचा म्हणजे ती खाली सरकते; पुढचा आणखी खाली. कागद संपला की पिळलेल्या ब्रशने ती टिपून घ्यायची. आणि मग हात मागे. वर कुठे फिकं दिसलं, केस चिकटला, काहीही झालं तरी मागे जायचं नाही.

मागे जायचं नाही, हेच कुणाला जमत नाही. म्हणून वाळण्याच्या पायऱ्या डोळ्यांनी ओळखायला शिकवतो. कागद डोळ्यांच्या पातळीला आणून खिडकीच्या उजेडाकडे तिरका धरायचा. आधी तो पाण्यासारखा चकाकतो. या वेळी त्यात दुसरा रंग सोडला तर तो मऊ पसरतो. ढग, धुकं, लांबची झाडी याच घटकेला होतात. थोड्या वेळाने चकाकी जाते, पण कागद गडद असतो. हा दमटपणा धोक्याचा. वरचं पाणी संपलेलं आहे, आतलं संपलेलं नाही. या वेळी भरलेला ब्रश टेकवला तर नवं पाणी आजूबाजूच्या रंगकणांना ढकलत बाहेर नेतं आणि त्यांची झालरदार कडा करून ठेवतं. आमच्याकडे याला ‘फ्लॉवर’ म्हणतात, भाजीतला. “सर, फ्लॉवर आला,” असं ओरडत मुलं येतात, आणि त्यावर माझ्याकडे इलाज नसतो. शेवटी कागद फिका पडतो, मग तो वाळलेला. डोळ्यांची खात्री नसेल तर हाताची मागची बाजू हलकेच टेकवायची. कागद गार लागला तर पाणी अजून उडतं आहे. माठ गार होतो तसं. बोटांची टोकं लावू नयेत, त्यांना तेल असतं.

वाळल्यावर रंग फिका का होतो, हा प्रश्न दरवर्षी एखादी मुलगी विचारते. पावसात भिजलेला कातळ काळाभोर दिसतो आणि उन्हात तोच राखाडी, त्याचंच हे रूप. ओल्या कागदात तंतूंमधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतात, उजेड खोल जातो. वाळल्यावर त्या फटींत हवा शिरते, उजेड वरच्यावर विखुरतो, पांढरेपणा वाढतो. म्हणून जलरंगात डोळ्याला पटेल त्यापेक्षा एक पायरी गडद लावायचं.

हवामानही रंगपेटीतलंच एक साधन आहे. जुलैत मुंबईत एक वॉश वाळायला अर्धा तास घेतो, मुलं चहा पिऊन येतात, तरी तो दमटच. नागपूरच्या मे महिन्यात पट्टा अर्ध्यावर पोचेतो वरची कड वाळलेली असते. तिथे कागद मागूनही भिजवून घ्यावा लागतो. पुस्तकात ‘दहा मिनिटे थांबावे’ असं लिहिलेलं असतं ते कुठल्या गावची मिनिटं, हे कुणी लिहीत नाही.

या माध्यमात पांढरा म्हणजे कागद. तांब्यावरची चमक रंगवायची नसते, राखायची असते. म्हणून चित्र सुरू करण्याआधी पांढरं कुठे राहणार ते ठरवावं लागतं, आणि फिक्याकडून गडदाकडे जावं लागतं. मराठी मुलांना याचा दाखला द्यायला मी सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ दाखवतो. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं ते चित्र. दिवा घेतलेली स्त्री, ज्योतीवर आडोशाला धरलेला हात, बोटांतून झिरपणारा उजेड. त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं तैलचित्र समजून घरात लावतात. ते जलरंगातलं आहे हे सांगितलं की वर्गात थोडी शांतता पसरते, कारण आदल्या दिवशी प्रत्येकाच्या कागदावर एक तरी फ्लॉवर उमटलेला असतो.

पोस्टर कलरवर मी फार रेंगाळत नाही. तो अपारदर्शक, चुकीवर पांघरूण घालू देणारा, म्हणून मुलांचा लाडका. ताकापेक्षा घट्ट आणि दह्यापेक्षा सैल कालवला की एका हातात सपाट बसतो. इथेही डिंकाच्या जातीचाच धरणारा असतो, त्यामुळे खालचा थर पूर्ण वाळलेला असला तरी जास्त घोळवलं तर तो उठून वरच्यात मिसळतो. एक मात्र यातच शिकावं: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ९ पायऱ्यांची करड्याची पट्टी. ओल्यात बरोबर दिसलेली पायरी वाळल्यावर शेजारणीला जाऊन मिळते. फिके रंग किंचित गडद होतात, गडद किंचित फिके. म्हणून प्रत्येक मिश्रणाचा ठिपका आधी रद्दी कागदावर देऊन वाळवून बघायचा. ही पट्टी हातात धरून, डोळे किलकिले करून समोरच्या वस्तू बघितल्या की कळतं, पांढऱ्या कपड्याची सावली काळ्या कढईवरच्या चमकेपेक्षा गडद आहे. हे पटायला एक सत्र जातं. काही जणांना दोन.

रंग मळतात ते का, तेही याच सुमारास. पिवळ्यात निळा घातला की हिरवा होतो, हे शाळेत पाठ झालेलं. पण लेमन यलोत अल्ट्रामरीन घातला तर हिरवा जरा थकलेला येतो आणि प्रशियन ब्लू घातला तर पोपटाच्या पिसासारखा. अल्ट्रामरीन लालाकडे झुकलेला निळा आहे. म्हणजे दोन रंग कालवताना तिसरा गुपचूप आलेला असतो. लाल, पिवळा, निळा तिन्ही जमले की एकमेकांचा उजेड गिळतात आणि करडं-तपकिरी उरतं. हे कळलं की मळकटपणा अपघात न राहता उपयोगी पडतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांची जोडी मी सगळ्यांना देतो: निळा जास्त तर पावसाळी ढग, तांबडा जास्त तर जुन्या वाड्याचं लाकूड, आणि दाट, सारख्या प्रमाणात घेतले तर जवळजवळ काळा. या काळ्याला श्वास असतो. ट्यूबमधला काळा चित्राला भोक पाडतो.

दिवाळीनंतर तैलरंग. खोलीचा वासच बदलतो.

आधी कॅनव्हास. बाजारात ताणलेला तयार मिळतो, पण पहिला मी मुलांकडूनच करून घेतो. लाकडी चौकट, त्यावर जाड सुती कापड. पहिला खिळा एका बाजूच्या मधोमध, दुसरा समोरच्या बाजूच्या मधोमध, मग उरलेल्या दोन बाजू, आणि तिथून कोपऱ्यांकडे. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर कापडाला अशी तिरकी चुणी पडते की ती शेवटपर्यंत जात नाही. मग अस्तर. तेल थेट कापडाला लागलं तर ते कालांतराने धाग्याला खातं, कापड ठिसूळ होतं. शिवाय कोरं कापड तेल पिऊन टाकतं आणि वर रंगाची भुकटी राहते. जुन्या रीतीने आधी सरसाचा हात आणि वर पांढरं अस्तर देत. आता ॲक्रिलिक प्रायमरचे दोन-तीन हात, एक आडवा एक उभा, मध्ये पॉलिशपेपर. आठवडाभर वर्ग सुतारकामाचा वाटतो. कुरकुर होते, होऊ द्यावी.

तैलरंगातलं तेल हे विदर्भात ज्याची चटणी करतात त्या जवसाचं. इथे मी मुलांकडून एक भ्रम काढून घेतो. तैलरंग पाण्यासारखा वाळत नाही. त्यातून काही उडून जात नाही. उलट जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्याची कातडी बनते. या वाळण्यात त्याचं वजन कमी होण्याऐवजी वाढतं. सगळी तेलं हे करत नाहीत. एका वर्षी एका मुलाने पैसे वाचवायला घरचं शेंगदाण्याचं तेल आणलं. मी पाहिलं तोवर त्याची दोन केळी आणि एक पपई रंगवून झाली होती. मार्चमध्ये वर्गाचं प्रदर्शन लागलं तेव्हा ती पपई अजून हाताला लागत होती. त्याला मी पूर्ण गुण दिले नाहीत, पण ते चित्र मागून घेतलं. दरवर्षी तैलरंगाच्या पहिल्या तासाला ते फिरवतो.

सगळे तैलरंगही एका वेगाने वाळत नाहीत. अंबरमध्ये मँगनीज असतं, ते तेलाला घाई करतं. तो दोन-तीन दिवसांत धरतो. आयव्हरी ब्लॅक आणि ॲलिझरिन क्रिमसन रेंगाळतात. यातूनच तैलरंगाचा मोठा नियम येतो: खाली रुक्ष, वर तेलकट. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, तेल कमी. पुढच्या प्रत्येक थरात तेल थोडं वाढतं. उलट केलं तर वरचा कोरडा थर आधी घट्ट होतो आणि खालचा तेलकट थर अजून हलत राहतो. उन्हाळ्यात तळ्यातला गाळ कसा तडकतो ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना पुढचं चित्र काढून दाखवावं लागत नाही. याच कारणाने अंबर खाली चालतो, आयव्हरी ब्लॅकचा जाड थर तळाशी नको.

कामाचा क्रम असा. पांढऱ्या अस्तरावर पातळ बर्न्ट सिएनाचा हात फिरवून फडक्याने पुसायचं. पांढऱ्यावर प्रत्येक रंग गडद भासतो, या तांबूस मध्यम सुरावर उजेड आणि सावली दोन्ही जोखता येतात. मग अंबरने आकार आणि सावल्या. मग रंगांचे मोठे, सपाट पॅच, बारकावा अजिबात नाही. जलरंगाच्या उलट इथे गडदाकडून फिक्याकडे जायचं: सावली पातळ ठेवायची, उजेड जाड. लिंबावरची चमक सगळ्यात शेवटी, ब्रशने एकदाच टेकवून. ती घोटली की मेली. जलरंगात राखलेला पांढरा आणि इथे वरून ठेवलेला पांढरा, दोन्ही हातांना आळीपाळीने शिकावे लागतात आणि पहिले पंधरा दिवस मुलं नेमकं उलटं करतात.

तीन आठवडे चालणाऱ्या स्थिरचित्रात केळं ठेवू नये, हे सांगायचं राहिलं. कांदा, नारळ, पितळी तांब्या, सुका भोपळा ठेवावा. लिंबू चालतं, पण ते आक्रसत जातं आणि प्रामाणिक मुलं त्याच्याबरोबर चित्रातलं लिंबूही बारीक करत जातात.

सुरक्षिततेचं मी कंटाळा येईल इतकं बोलतो. ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरायची सवय जलरंगापासूनच मोडायची. काही रंगांत कॅडमियम, कोबाल्टसारखे धातू असतात. टर्पेंटाइन उघडं ठेवायचं नाही, खिडक्या मात्र उघड्या. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. ते तेल वाळताना उष्णता सोडतं. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते, बोळ्यात अडकते, वाढत जाते, आणि काडी न लावता बोळा पेट घेऊ शकतो. पाणी घातलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची, नाहीतर दोरीवर एकेरी वाळत घालायची. ब्रश आधी फडक्याला पुसून, मग टर्पेंटाइनमध्ये, मग साबणाने तळहातावर गोल घोळवून धुवायचा. फेस पांढरा येईपर्यंत. रॉकेलने धुणारे विद्यार्थी असतात. त्यांच्या डुकराच्या केसांच्या ब्रशांचा खराटा होतो.

ॲक्रिलिकला शेवटचे दोन आठवडे पुरतात. त्यातलं पाणी उडालं की प्लॅस्टिकचे कण एकमेकांना चिकटून जातात, आणि मग परतीची वाट नाही. मोबाइल वाजला म्हणून ठेवलेला ब्रश बोलणं संपेपर्यंत काठी झालेला असतो. घाई असणाऱ्यांना हे माध्यम मानवतं. इतकं शिकून झाल्यावर मी थोडं पुढचं दाखवतो: वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंग लावत आणि काढत, प्रभाकर बरवे यांनी कॅनव्हासवर एनॅमल वापरला, जो आपण दारं-खिडक्यांना लावतो. दोघेही जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. एनॅमलची ती सपाट, गुळगुळीत साय तैलरंगात कशी मिळाली नसती, हे पहिल्या वर्षाच्या मुलाला आता स्वतःहून कळतं, आणि त्यासाठी मला भाषण करावं लागत नाही.

व्हार्निशबद्दल मुलं विचारतातच. तैलचित्र हाताला कोरडं लागलं तरी आत महिनोन्‌महिने काम चालू असतं. सहा महिने तरी थांबा, मग बघू. वरून दिलेला लेप आयुष्यभर पारदर्शक राहीलच असं नाही. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला निजामाच्या सरकारने अजिंठ्याला इटालियन तज्ज्ञ बोलावले. भिंतीवरून सुटणारे पोपडे धरून ठेवायला त्यांनी लाखेचा, म्हणजे शेलॅकचा लेप दिला. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे काम चोखच होतं. पुढे तो लेप पिवळा-तपकिरी झाला, धूळ धरून बसला, आणि नंतरच्या पिढ्यांना तो हळूहळू उतरवत बसावं लागलं.

सहा महिने कुणीच थांबत नाही, कारण मार्चमध्ये सबमिशन असतं आणि नंतर चित्रं घरी न्यायची असतात. ओली. त्यासाठीही रीत आहे. सारख्या मापाचे दोन कॅनव्हास समोरासमोर धरायचे, चार कोपऱ्यांत चौकटीवर बाटलीच्या बुचाचे तुकडे ठेवायचे म्हणजे दोन रंगांमध्ये बोटभर हवा राहते, आणि बाहेरून सुतळीने आवळायचं. गेल्या वर्षी एका मुलीने तीन बुचं लावली. चौथं सापडलं नाही म्हणाली. सहाची विरार लोकल, सामानाच्या डब्यात बर्फाच्या पेट्या आणि भाज्यांचे हारे, आणि ही कॅनव्हास डोक्यावर धरून, “काका, ओलं आहे, जरा सरकता का?” काका सरकले. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही चित्रं दाखवली: एकावरच्या तांब्याचा थोडा पिवळा दुसऱ्यावरच्या नारळाला लागला होता. बरा दिसत होता. मी म्हटलं, राहू दे, आता वाळेपर्यंत हात लावू नकोस.